जाईचं पिस्तूल

"आकडे छान मांडलेस, शिवांगी. आता आयांबद्दल एक वाक्य टाक आणि मोकळी हो," सुचित्राताई फोनवर म्हणाल्या.

मी एका हाताने फोन धरला होता आणि दुसऱ्या हाताने तान्ह्या धवलला थोपटत होते. धवलची दुपारची झोप हेच सध्या माझं ऑफिस. तो कूस बदलायला लागला की माझी मीटिंग संपते.

"आयांबद्दल काय टाकू?" मी कुजबुजत विचारलं.

"हेच गं, की घरच्यांनी लक्ष दिलं असतं तर टळलं असतं. डॉक्टर हॉलिस दिवाळी झाल्यावर येतायत. त्यांना परत जाताना हातात काहीतरी ठोस हवंय. नुसता नकाशा घेऊन काय करतील? भिंतीवर टांगतील?"

सुचित्राताई मूळच्या दादरच्या, पण त्यांचं अर्धं आयुष्य इथे सिंगापूरच्या विद्यापीठात गेलंय. मी त्यांच्या हाताखाली पीएचडीनंतरचं संशोधन करणारी पोस्टडॉक. बुओना व्हिस्टाच्या आमच्या ऑफिसात त्या सगळ्यांशी इंग्रजीत गोड बोलतात आणि माझ्यावर मात्र मराठीत डाफरतात. मला ते आवडतं. माहेरच्यासारखं वाटतं.

काम असं होतं. अमेरिकेतल्या एका शहरातल्या मुलांच्या इस्पितळाने आम्हाला नोंदी पाठवल्या होत्या. बंदुकीची गोळी लागून आलेल्या मुलांच्या. नावं काढून टाकलेली; वय, जखम कुठे, मूल कुठल्या वस्तीत, कुठल्या रस्त्यावर राहतं, आणि खाली नर्सने घाईत लिहिलेल्या एक-दोन ओळी. त्या वस्त्यांत किती घरं बंद पडलीत, किती लोकांना काम नाही, रस्त्यावर दिवे आहेत का, हे सगळं मी त्या नोंदींना जोडलं आणि नकाशात रंग भरला. शहराच्या मधून नदी जाते. नदीच्या उत्तरेला फिकट रंग, दक्षिणेला गडद. बंदुका दोन्हीकडच्या घरांत होत्या. मुलं मात्र दक्षिणेकडून येत होती.

डॉक्टर हॉलिसच्या इस्पितळाला यावर काहीतरी करायचं होतं आणि दोनांतलं एकच करता येणार होतं. एक तर दक्षिणेकडच्या आयांसाठी वर्ग: मुलांवर लक्ष कसं ठेवावं, वस्तू कुठे ठेवाव्यात. नाहीतर तिथले ओसाड पडलेले प्लॉट साफ करायचे, दिवे लावायचे, संध्याकाळी मुलांसाठी खोल्या उघड्या ठेवायच्या. त्यांचा कौल आमच्या शेवटच्या परिच्छेदावर अवलंबून होता. म्हणजे माझ्या.

आणि खोटं कशाला सांगू, मला सुचित्राताईंचं म्हणणं पटत होतं. त्या नर्सच्या ओळी मी रोज वाचत होते. "सोफ्याच्या उशीमागे सापडली. आई अंघोळीला गेली होती." "कपाटाच्या वरच्या फळीवर होती. मूल खुर्चीवर चढलं." एका मुलाची नोंद तर मला पाठच झाली होती. खेळण्यातलं पिस्तूल घेऊन तो घरासमोर पळत होता. समोरच्या घरातल्या माणसाला ते खरं वाटलं आणि त्याने खिडकीतून गोळी झाडली. खांद्याला लागली. मुलगा वाचला. खाली लिहिलं होतं, "दार उघडं होतं. आई आत होती."

ती ओळ आली की मी दर वेळी मनात म्हणायचे, अगं बाई, दार उघडं ठेवलंसच कसं?

तेव्हा मी ते वाक्य टाकलं. पालकांचं दुर्लक्ष हे या जखमांमागचं टाळता येण्याजोगं मुख्य कारण आहे. टाकलं, फाइल बंद केली, आणि धवल उठला.

त्याच आठवड्यात माझे सासरे पुण्याहून आले. बाबा म्हणजे दीनानाथ कोथरूडकर असं माझा नवरा रुचिर चेष्टेने म्हणतो, कारण कोथरूड सोडून ते कुठे राहूच शकत नाहीत. इथे येताना ते जमेल तेवढं कोथरूड बॅगेत भरून आणतात. चिवडा, चकल्या, उटणं, आणि या वेळी माझ्या लेकीच्या, जाईच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेले.

"किल्ला कुठे करायचा, आबा?" जाईने विचारलं. ती पाच वर्षांची आहे आणि आजोबांशी मराठीतच बोलायचं असा तिचा स्वतःचा नियम आहे. आमच्याशी मात्र तिचं वेगळंच चालतं.

आम्ही राहतो ती सरकारी वसाहतीची इमारत. तिसरा मजला, दारासमोरून जाणारा लांब उघडा कॉरिडॉर, आणि तळमजल्यावर खांबांमधली मोकळी जागा, जिथे म्हाताऱ्या बायका दुपारभर पत्ते खेळतात. बाबांनी कॉरिडॉरची पाहणी केली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट सोडली, आणि आमच्या दाराशेजारी नर्सरीतून आणलेल्या मातीचा किल्ला उभा केला. उतारावर मोहरी पेरली. बालेकिल्ल्यावर मावळे बसवले. शेजारचे लोक देवळाबाहेर बूट काढावेत तशा अदबीने वळसा घालून जायला लागले.

मग बाबांनी चकलीच्या डब्याच्या तळातून ते काढलं. काळं, पत्र्याचं, टिकल्यांचं पिस्तूल. सोबत लाल टिकल्यांच्या डब्या.

"किल्लेदारीणबाईंसाठी," ते म्हणाले.

"बाबा! हे विमानातून आणलंत?" रुचिर ओरडलाच.

"अरे टिकल्या आहेत. तोफा नाहीत. तू नाही उडवल्यास?"

"मी दगडाने फोडायचो. तुम्ही मला पिस्तूल कधी घेऊन दिलंत?"

"म्हणून तर नातीला आणलं," बाबा म्हणाले.

"बाबा, इथे फटाके चालत नाहीत. टिकल्यासुद्धा नाहीत," मी म्हटलं, आणि पिस्तूल, डब्या सगळं उचलून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं, रिकाम्या डब्यांच्या मागे. नंतर बघू. रुचिरला चांगी बिझनेस पार्कमधल्या त्याच्या बँकेत जायला उशीर होत होता, धवल रडत होता, चकल्या मऊ पडायच्या आत डब्यात भरायच्या होत्या. मी विसरूनही गेले.

दोन दिवसांनी दुपारी बाबा पणत्या आणायला लिटिल इंडियाला गेले. रुचिर बँकेत. मी आतल्या खोलीत धवलला पाजत बसले होते. जाई कॉरिडॉरमध्ये किल्ल्याशी खेळत होती. तिचा आवाज येत होता, म्हणून मी निर्धास्त होते. लोखंडी जाळीचं दार मी किल्ल्यासाठीच उघडं ठेवलं होतं. धवलचा डोळा लागत आला. माझाही.

मग लक्षात आलं की आवाज येत नाहीये.

"जाई?"

कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. बालेकिल्ला कोसळला होता, दोन मावळे आडवे, आणि मातीत मांजराच्या पंजांचे ठसे. स्वयंपाकघरात ओट्याला खुर्ची लावलेली. कपाट उघडं. वरच्या फळीवरचे रिकामे डबे खाली, आणि डब्यांमागे काही नाही.

खालून आवाज आला. ठप. मग पुन्हा ठप.

धवलला काखोटीला मारून मी जिना उतरले. लिफ्टची वाट बघायला पायांनीच नकार दिला. त्या तीन मजल्यांत माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक खिडकी होती, नदीच्या दक्षिणेकडची, मी कधीही न पाहिलेली.

खाली पोचले तर जाई पत्त्यांच्या टेबलावर बसली होती. हो, टेबलावर. एका हातात बिस्किट. तिचा दुसरा हात आंटी लिनने घट्ट धरलेला. आंटी लिन म्हणजे पत्त्यांच्या मंडळाच्या अध्यक्षा. आमच्या इमारतीत कोण किती वाजता घरी येतं हे लिफ्टपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. टेबलाच्या मधोमध, पत्त्यांच्या शेजारी, ते काळं पिस्तूल.

आणि समोर एक पोलिस. तरुण, जेमतेम पंचविशीचा. जाईची उंची गाठायला तो जमिनीवर उकिडवा बसला होता. त्याचा एक हात गुडघ्यावर होता आणि दुसरा टेबलाच्या कडेवर. कमरेच्या पिस्तुलाजवळ दोन्हींपैकी एकही नव्हता. मी पहिल्यांदा तेच बघितलं.

"तर मांजराने किल्ला पाडला," तो इंग्रजीत अगदी गंभीरपणे विचारत होता.

"द कॅट स्टार्टेड इट, लाह!" जाई अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "आय ओन्ली स्केअर."

"मग मांजर घाबरलं?"

"नो," जाई खिन्नपणे म्हणाली. "इट यॉन्ड." आणि तिने मांजरासारखी जांभई देऊन दाखवली.

आंटी लिन फिसकन हसल्या. मग मला बघून पुन्हा चेहरा कडक केला. "छोटी मुलगी आहे! रागावायचं नाही," त्या पोलिसालाच दम भरत म्हणाल्या. समोरच्या इमारतीत नवीन राहायला आलेल्या कोणीतरी खिडकीतून पिस्तूल पाहिलं होतं, आवाज ऐकला होता, आणि फोन लावला होता. आंटींनी आवाज ऐकताक्षणी पत्ते टाकले, जाईचा हात धरला आणि बिस्किटाच्या बदल्यात पिस्तूल मिळवलं. पोलिस येईपर्यंत सगळा तह झालेला होता.

तो उठून उभा राहिला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, फारिस. "मॅडम, हे झालं तेव्हा तुम्ही कुठे होता?" आवाजात आरोप नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं.

"घरात. बाळाला पाजत होते."

"आणि ही खाली आली ते…"

"दार उघडं होतं," मी म्हटलं.

ते वाक्य मला पाठ होतं. दार उघडं होतं. आई आत होती. फक्त आता ते माझं होतं.

फारिसने अशी खेळणी आणि टिकल्या इथे परवानगीशिवाय आणता येत नाहीत हे समजावून सांगितलं, पिस्तूल आणि डब्या पिशवीत घातल्या, समज देऊन प्रकरण मिटवलं. जाताना जाईला म्हणाला, "किल्ल्याला रखवालदार हवा असेल तर मांजरालाच नेम. ते घाबरत नाही."

बाबा संध्याकाळी पणत्यांची पिशवी घेऊन आले आणि हकीगत ऐकून आधी भडकले. "पोलिस? टिकल्यांसाठी? अगं, आमच्या आळीत दिवाळीत पोलिसांचीच पोरं सगळ्यात जास्त उडवायची!" मग खुर्चीवर बसले. हळूच म्हणाले, "माझंच चुकलं. मी आणायला नको होतं."

"मी वर ठेवून विसरले, बाबा. आणि दार मीच उघडं ठेवलं होतं."

"ते किल्ल्यासाठी ठेवलंस."

"प्रत्येकीचं कशासाठी तरीच उघडं असतं," मी म्हटलं. मग मी त्यांना खांद्याला गोळी लागलेल्या त्या मुलाबद्दल सांगितलं. तेही पहिल्यांदाच, आमच्या घरात माझ्या कामाबद्दल कोणी फारसं विचारत नाही आणि मीही सांगत नाही, जेवताना कुठे तो विषय.

बाबा ऐकत राहिले. "म्हणजे तिथेही खेळण्यातलंच होतं. तिथेही समोरच्याने खिडकीतून पाहिलं."

"हो."

"आणि तिथे खाली तुमची ती पत्तेवाली बाई नव्हती."

"तिथे खाली काहीच नव्हतं, बाबा. त्याच्या रस्त्यावर निम्मी घरं बंद आहेत. दिवे बंद. वाचनालय बंद. समोरचा माणूसही बंदूक उशाशी घेऊनच झोपणारा, कारण त्याला फोन करून कोणी वेळेवर येईल असं वाटत नाही."

"मग त्या बाईने करायला काय हवं होतं?"

उत्तर फाइलमध्ये होतं, मीच लिहिलेलं. आणि ते मला आता गिळता येत नव्हतं.

पण माझ्या बाबतीत जे घडलं त्यावरून निष्कर्ष बदलायचा नसतो, एवढं मला सुचित्राताईंनीच शिकवलंय. दुसऱ्या दिवशी धवल झोपल्यावर मी इस्पितळाने पाठवलेली दुसरी फाइल उघडली. तुलनेसाठी म्हणून त्यांनी मुलांचे बाकीचे अपघातही दिले होते. गोळी सोडून सगळं: गिळलेली नाणी, पलंगावरून पडणं, इस्त्रीचे चटके, नाकात घातलेले मणी. मी ती कधी नीट वाचलीच नव्हती, कारण त्यात काय असणार.

त्यात आया होत्या. "आई दार उघडायला गेली होती." "आई फोनवर होती." "वडिलांचा डोळा लागला होता." "मूल खुर्चीवर चढलं." मी त्या ओळी वस्तीप्रमाणे लावल्या. दिवाळीचे तीन दिवस माझ्या सगळ्या चोरलेल्या दुपारी त्यातच गेल्या. बाबा धवलला खेळवायचे, जाईला घेऊन किल्ल्याची डागडुजी करायचे आणि मधूनच दारातून डोकावून विचारायचे, "लागतंय का काही हाताला?"

लागलं. आई-बापांची नजर हटण्याचं प्रमाण नदीच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखं होतं. उत्तरेची मुलंही खुर्च्यांवर चढत होती, उत्तरेची दारंही उघडी राहत होती. उत्तरेकडे त्याचा शेवट टेंगळाने होत होता. दक्षिणेकडे कधीकधी गोळीने. आया त्याच होत्या. बाहेरचा रस्ता वेगळा होता, आणि त्याच्या भीतीने दक्षिणेकडे बंदूक भरलेली, हाताशी असायची.

सुचित्राताईंना मी ते ऑफिसात नेऊन दाखवलं. धवल छातीला बांधलेला, फराळाचा डबा त्यांच्या टेबलावर. त्यांनी चष्मा वर सरकवला, तक्ते खालून वर वाचले. त्या नेहमी तसंच वाचतात.

"हे आधी का नाही केलंस?"

"आधी मला वाटत होतं की मी असं कधी करणार नाही."

"काय करणार नाही?"

मी त्यांना पिस्तुलाची हकीगत सांगितली. मांजराने जांभई दिली तिथे त्या इतक्या हसल्या की धवल दचकला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "छान आहे. पण उद्या डॉक्टरांपुढे आकडे मांडायचे. कीर्तन नको."

"नाही करणार. पण ते वाक्य मी काढलंय."

"ते वाक्य काढलंस तर त्या विचारतील, मग आयांना काय सांगू. हॉलिस तशी सोडणारी बाई नाही."

"विचारू देत."

सुचित्राताईंनी डबा उघडून चकली मोडली. "सासऱ्यांनी आणलेल्या का? मऊ नाही पडल्या," म्हणाल्या. म्हणजे हो.

डॉक्टर हॉलिस उंच, पिकल्या केसांच्या, हातात कॉफीचा मोठा पेला. प्रवासाने थकलेल्या होत्या पण एकही तक्ता त्यांनी निसटू दिला नाही. मी नकाशा दाखवला. मग दुसरी फाइल. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंची दारं. माझा आवाज कुठेही अडखळला नाही. ते सगळं मला आता इतकं नीट ठाऊक होतं की अडखळायला जागाच नव्हती.

"आमच्या नर्सेसनी आयांच्या वर्गांची माहितीपत्रकंसुद्धा तयार केलीत," त्या म्हणाल्या. "मी जाऊन त्या आयांना काय सांगू?"

"जे उत्तरेच्या आयांना सांगता तेच. बंदूक कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा. सगळ्यांना सांगा, दोन्हीकडे, दर भेटीत. पण त्यासाठी दक्षिणेच्या आयांना वर्गात बसवू नका. त्यांचं लक्ष कमी नाहीये. त्यांचं लक्ष हटतं त्या मिनिटात मूल झेलणारं बाहेर कोणी नाहीये. ते उभं करा."

छातीशी बांधलेल्या धवलने एक मोठा निःश्वास सोडला.

"आणि सुरुवात कुठून करू? दक्षिणेला ओसाड प्लॉट ढीगभर आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

मी शेवटचं पान पुढे केलं. ते दाखवायची वेळ येईल की नाही माहीत नव्हतं, पण तयार ठेवलं होतं. ज्या रस्त्यांवरून मुलं सगळ्यात जास्त आली, तिथले प्लॉट, वाचनालयं, बंद दिवे, वस्तीनुसार. पहिल्या क्रमांकावर त्या मुलाचा रस्ता होता. तो खांद्याला गोळी लागलेला. ते मी मुद्दाम केलेलं नव्हतं. आकड्यांनीच त्याला वर आणलं.

डॉक्टरांनी ते पान बघितलं, वाचलं, आणि बॅगेत न ठेवता हातातच धरून ठेवलं. "माहितीपत्रकं छापायची थांबवायला सांगते," त्या म्हणाल्या. "इथून सुरू करू." आणि त्यांचं बोट त्या रस्त्यावर होतं.

बाहेर आल्यावर सुचित्राताईंनी धवलचा गाल ओढला. "आईने शेवटी कीर्तन केलंच बघ," त्याला म्हणाल्या.

घरी आले तर कॉरिडॉरमध्ये बाबा आणि आंटी लिन शेजारी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसले होते. मध्ये चिवड्याचा डबा. आंटींना मराठी येत नाही, बाबांना चिनी येत नाही, आणि दोघंही भरभरून बोलत होते. किल्ल्यावर मोहरी उगवली होती, हिरवीगार. बालेकिल्ल्यावर मावळ्यांना बाजूला सारून मांजर झोपलेलं.

"आई, हळू!" जाई ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "किल्लेदार झोपलाय."

धवलला पाजायची वेळ झाली होती. मी आत गेले. लोखंडी जाळीचं दार मी उघडंच ठेवलं.